५.९० म्हणजे नेमके किती? सीजीपीए समजून घ्या, अर्ज भरण्याआधीच माघार घेऊ नका

गेल्या जूनमधली गोष्ट. आमच्या वस्तीतल्या विहारात रविवारी सकाळी आम्ही मुलांचे प्रवेशाचे आणि शिष्यवृत्तीचे फॉर्म भरून देतो. बी.ए. झालेली एक मुलगी आली. "जयभीम दादा," म्हणाली आणि गुणपत्रिका पुढे ठेवून गप्प बसली. काय करायचे आहे विचारले तर म्हणाली, "एम.ए. करायचं होतं. पण माझं बसत नाही. ५.९ च आहे."

तिच्या भावाने १० पैकी ५.९ म्हणजे ५९ टक्के असा हिशेब केला होता. कॉलेजच्या ऑफिसात तिला ५१.५ सांगितले गेले. मोबाईलवरच्या कॅल्क्युलेटरने ५६.०५ दाखवले. गुणपत्रिका एकच आणि उत्तरे तीन. प्रवेशाच्या जाहिरातीत ठळक अक्षरांत ५५ टक्क्यांची अट होती. त्याखाली बारीक अक्षरांत अनुसूचित जातींसाठी ५० टक्के असे लिहिले होते. म्हणजे तिन्ही उत्तरे धरली तरी ती पात्र होती! पण "आपलं बसत नाही" असे मनाशी ठरवून तिने पहिल्या फेरीची तारीख जाऊ दिली होती.

ही मुलगी एकटी नाही. घरात पहिल्यांदाच कॉलेजची पायरी चढलेल्या आपल्या अनेक मुलामुलींना एसजीपीए, सीजीपीए, क्रेडिट हे शब्द गुणपत्रिका हातात पडल्यावरच भेटतात. टक्के घरात सगळ्यांना कळतात, हा दशांश चिन्हाचा आकडा कोणालाच कळत नाही. म्हणून तो मुळापासून समजून घेऊ. गणित सातवीतल्या सरासरीएवढेच आहे.

ही पद्धत काय आहे?

विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१५ मध्ये निवड-आधारित क्रेडिट पद्धतीची मार्गदर्शक तत्त्वे दिली. त्यात दहा गुणांकांची पट्टी आहे. ओ म्हणजे १०, ए प्लस ९, ए ८, बी प्लस ७, बी ६, सी ५ आणि पी म्हणजे जेमतेम पास, त्याला ४. एफ म्हणजे नापास आणि गैरहजर, दोन्हींना शून्य. किती गुणांना कोणती ग्रेड द्यायची, याचे तक्ते मात्र विद्यापीठागणिक वेगळे असतात. त्यामुळे मैत्रिणीच्या विद्यापीठातला बी प्लस आणि तुमचा बी प्लस सारखाच असेल असे धरून चालू नका.

आणखी एक फरक लक्षात घ्या. आपल्या बहुतेक विद्यापीठांत ठराविक गुणांना ठराविक ग्रेड मिळते. आयआयटीसारख्या संस्थांत ग्रेड वर्गातल्या इतरांच्या तुलनेत ठरू शकते. तिथे ६५ गुणांनाही वरची ग्रेड मिळू शकते आणि ८० गुणांनाही मधली. म्हणून दोन संस्थांचे सीजीपीए शेजारी ठेवून हुशारी मोजणे चुकीचे आहे.

क्रेडिट म्हणजे विषयाचे वजन

बाजारात चार किलो तांदूळ आणि अर्धा किलो डाळ घेतली तर एकूण बिलावर तांदळाच्या भावाचा परिणाम जास्त होतो. क्रेडिटचे तसेच आहे. साधारणपणे सेमिस्टरमध्ये १५ तास शिकवण्याला एक क्रेडिट आणि प्रात्यक्षिकाच्या ३० तासांना एक क्रेडिट. चार क्रेडिटच्या पेपरचे वजन दोन क्रेडिटच्या पेपरच्या दुप्पट.

नव्या शैक्षणिक धोरणानुसार महाराष्ट्रात तीन वर्षांच्या पदवीला १२० ते १३२ आणि चार वर्षांच्या ऑनर्स पदवीला १६० ते १७६ क्रेडिट आहेत. म्हणजे एका सेमिस्टरला साधारण २० ते २२. आता नमुन्यादाखल २२ क्रेडिटचे एक सेमिस्टर घेऊ.

- मुख्य विषय: ४ क्रेडिट, ग्रेड बी (६), ४ × ६ = २४
- दुसरा विषय: ४ क्रेडिट, बी (६), ४ × ६ = २४
- कौशल्याचा पेपर: ४ क्रेडिट, सी (५), ४ × ५ = २०
- इंग्रजी: २ क्रेडिट, बी प्लस (७), २ × ७ = १४
- खुला ऐच्छिक विषय: २ क्रेडिट, ए (८), २ × ८ = १६
- भारतीय ज्ञान प्रणाली: २ क्रेडिट, ए (८), २ × ८ = १६
- मूल्यशिक्षण: २ क्रेडिट, ए प्लस (९), २ × ९ = १८
- एनएसएस: २ क्रेडिट, ओ (१०), २ × १० = २०

बेरीज १५२. तिला २२ ने भागा. उत्तर ६.९१. हाच एसजीपीए, म्हणजे त्या सेमिस्टरची सरासरी.

आठही गुणांकांची साधी सरासरी काढली असती तर ७.३८ आली असती. जवळपास अर्ध्या गुणांकाचा फरक कशाने पडला? एनएसएसला पैकीच्या पैकी मिळाले, पण त्याचे वजन दोनच. मुख्य विषयात सहा मिळाले आणि त्याचे वजन चार. मुख्य विषयाची ग्रेड बीवरून एवर नेली तर एसजीपीए ०.३६ ने वाढतो. दोन क्रेडिटच्या पेपरमध्ये तेवढीच वाढ झाली तर ०.१८ ने. परीक्षेआधी हातात आठच दिवस उरले असतील तर कोणते पुस्तक आधी उघडायचे, ते यावरून ठरवा.

पहिले सेमिस्टर मागे सुटत नाही

सगळ्या सेमिस्टरचे एसजीपीए त्या त्या सेमिस्टरच्या क्रेडिटने गुणायचे, बेरीज करायची आणि एकूण क्रेडिटने भागायचे. हा सीजीपीए. सगळ्या सेमिस्टरला सारखेच क्रेडिट असतील तर नुसती सरासरी काढली तरी चालते.

समजा चार सेमिस्टरचे एसजीपीए ५.१०, ५.६०, ६.२० आणि ६.७० आहेत. बेरीज २३.६०, सीजीपीए ५.९०. नीट पाहा, हा विद्यार्थी दर सेमिस्टरला पुढे गेला आहे. शेवटच्या सेमिस्टरला तो ६.७० वर आहे. पण सीजीपीए ५.९० च सांगतो, कारण सरासरीत पहिल्या दिवसाचा गोंधळ कायम राहतो.

आपल्या मुलांच्या बाबतीत हे फार महत्त्वाचे आहे. मराठी माध्यमातून एकदम इंग्रजी पुस्तके, गावाहून शहर, वसतिगृहाची यादी लागेपर्यंत नातेवाईकांच्या घरी मुक्काम, शिष्यवृत्तीचा पहिला हप्ता येईपर्यंत अर्धवेळ काम. हे सगळे पहिल्या दोन सेमिस्टरमध्येच घडते. म्हणून अकरावी-बारावीतल्या धाकट्या भावंडांना आजच सांगा, की "पहिलं वर्ष सवय होण्यात गेलं तरी चालतं" हे खरे नाही. आणि आपण कार्यकर्त्यांनी मार्गदर्शन शिबिरे तिसऱ्या वर्षाच्या मुलांसाठी घेण्याआधी पहिल्या वर्षाच्या मुलांसाठी, जुलै-ऑगस्टमध्येच घ्यायला हवीत.

केटी लागली तर

एफ ग्रेडचा गुणांक शून्य, पण त्या पेपरचे क्रेडिट भागाकारात धरले तर सरासरी एकदम खाली येते. वरच्या उदाहरणात मुख्य विषयात सहाऐवजी शून्य आले असते तर एसजीपीए १.०९ ने घसरला असता. काही विद्यापीठे केटी सुटेपर्यंत एसजीपीए जाहीरच करत नाहीत. पेपर सुटला की शून्याच्या जागी नवी ग्रेड येते आणि सरासरी पुन्हा मोजली जाते. म्हणून केटी असलेल्या गुणपत्रिकेवरचा आकडा पाहून खचू नका, तो अंतिम नाही. पण केटी शेवटच्या वर्षापर्यंत साठवूही नका. पदवीच हातात नसेल तर सीजीपीए कितीही चांगला असला तरी पुढचा प्रवेश अडतो.

कॉलेज मध्येच सोडावे लागले तरी मिळवलेले क्रेडिट वाया जात नाहीत. २०२१ मध्ये सुरू झालेल्या अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्समध्ये ते साधारण सात वर्षांपर्यंत जमा राहतात. घरच्या अडचणीने थांबलेल्या मुलींना हे जरूर सांगा. परतीची वाट उघडी आहे.

एका गुणाने बदलणारी ग्रेड

समजा तुमच्या विद्यापीठात ५५ ते ५९ गुणांना ६ आणि ६० ते ६९ गुणांना ७ गुणांक आहे. मग ६० मिळवणारा आणि ६९ मिळवणारा सारखेच, दोघांनाही ७. पण ५९ आणि ६० यांच्यात एका गुणाने पूर्ण एक गुणांकाचा फरक. चार क्रेडिटच्या पेपरमध्ये तो एक गुण २२ क्रेडिटच्या सेमिस्टरला ०.१८ ने हलवतो.

म्हणून निकाल लागला की फक्त ग्रेड पाहू नका, गुणही पाहा. तुम्ही ग्रेडच्या काठावर एक-दोन गुणांनी अडला असाल तर उत्तरपत्रिकेची छायाप्रत मागवा आणि मग पुनर्मूल्यांकनाचा विचार करा. तपासलेली उत्तरपत्रिका पाहणे हा माहिती अधिकारातला हक्क आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये सीबीएसईच्या प्रकरणात स्पष्ट केले आहे. मुदत मात्र थोड्या दिवसांची असते. निकालाच्या दिवशीच ती तारीख लिहून ठेवा.

टक्के कसे काढायचे? खरी गोम इथेच

फॉर्मवर रकाना टक्क्यांचा आणि हातात सीजीपीए. देशातल्या सगळ्या विद्यापीठांना लागू होईल असे एकच सूत्र नाही. सुरुवातीच्या मुलीची तीन उत्तरे तीन वेगवेगळ्या सूत्रांतून आली होती.

- दहाने गुणा: ५.९० × १० = ५९
- एआयसीटीईचे, म्हणजे तांत्रिक अभ्यासक्रमांसाठीचे सूत्र. त्यात ६.२५ म्हणजे ५५ टक्के, ६.७५ म्हणजे ६० टक्के. थोडक्यात ०.७५ वजा करून दहाने गुणा: (५.९० − ०.७५) × १० = ५१.५
- साडेनऊने गुणा: ५.९० × ९.५ = ५६.०५. हे सीबीएसईच्या दहावीच्या जुन्या सीजीपीएसाठीचे सूत्र. पदवीशी त्याचा संबंध नाही, तरी इंटरनेटवर सगळीकडे तेच सापडते.

मग तिचे खरे टक्के कोणते? उत्तर तिच्या हातातच होते. गुणपत्रिका उलटी केली तर मागच्या बाजूला तिच्या विद्यापीठाचे सूत्र छापलेले होते, दहाने गुणण्याचे. म्हणजे ५९. ऑफिसातल्या माणसाने इंजिनिअरिंगचे सूत्र बी.ए.ला लावले होते. दुसऱ्या फेरीला चार दिवस शिल्लक होते. तिचा अर्ज आम्ही त्याच दुपारी भरला.

सूत्राने किती फरक पडतो ते वरच्या ५.९० च्या विद्यार्थ्यावर पाहा. त्याला पदवीअखेर ६० टक्के हवे आहेत आणि दोन सेमिस्टर उरली आहेत. विद्यापीठाचे सूत्र दहाने गुणण्याचे असेल तर उरलेल्या दोन्ही सेमिस्टरला ६.२० पुरतात. ०.७५ वजा करण्याचे असेल तर दोन्हींना ८.४५ लागतात. पहिले सहज जमण्यासारखे आहे, दुसरे फार अवघड. आपले सूत्र दुसऱ्या वर्षाअखेर माहीत नसेल तर आपण कोणत्या डोंगरावर चढतो आहोत हेच माहीत नाही.

नियम साधा आहे. तुमच्या विद्यापीठाने दिलेले सूत्र तेच तुमचे सूत्र. गुणपत्रिकेच्या मागे पाहा, परीक्षा विभागाचे परिपत्रक शोधा, मिळत नसेल तर लेखी अर्ज करून टक्केवारीचे रूपांतर प्रमाणपत्र घ्या. अर्जात स्वतःच्या मनाने वाढवून टक्के लिहू नका. कागदपत्रे तपासताना तफावत दिसली तर मिळालेली जागाही हातची जाते. आणि कमी लिहून स्वतःच स्वतःला बाद करू नका. आपल्याकडे हे दुसरे जास्त घडते.

कुठे किती लागते?

यूजीसी-नेटला पदव्युत्तर पदवीत ५५ टक्के लागतात, अनुसूचित जातींसह राखीव प्रवर्गांना ५०. इथे पूर्णांकात वाढवून धरत नाहीत. ४९.९७ म्हणजे ५० नव्हे. म्हणून दशांशानंतरचे दोन आकडे जपा.

पीएच.डी.साठी २०२२ च्या नियमांनुसार पदव्युत्तरला ५५ टक्के किंवा समकक्ष ग्रेड लागते आणि आपल्याला ५ टक्के सवलत आहे. चार वर्षांच्या पदवीनंतर थेट पीएच.डी. करायची तर ७५ टक्के लागतात, सवलतीने ७०. चौथ्या वर्षी संशोधनासह ऑनर्स घ्यायचे असेल तर पहिल्या सहा सेमिस्टरमध्ये ७५ टक्के मागतात. म्हणजे ही वाट पहिल्या सेमिस्टरपासूनच आखावी लागते.

केंद्र सरकारच्या राष्ट्रीय परदेशी शिष्यवृत्तीला किमान ६० टक्के किंवा समकक्ष ग्रेड हवी. राज्याच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजनेत ५० टक्क्यांची अट आहे. योजनांच्या अटी बदलत राहतात, त्यामुळे दरवर्षी त्या वर्षाचीच जाहिरात वाचा, मागच्या वर्षीचा व्हॉट्सॲप मेसेज नाही.

आता दिलासा देणारी बाजू. मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीत मुख्य अट जात आणि अडीच लाखांच्या उत्पन्नमर्यादेची आहे, ठराविक सीजीपीएची नाही. यूपीएससीची नागरी सेवा परीक्षा आणि एमपीएससी राज्यसेवेतली बहुतेक पदे फक्त पदवी मागतात, टक्के नाही. ५.२ वाला आणि ९.२ वाला तिथे एकाच रेषेवरून धावायला सुरुवात करतात.

सवलत आपोआप मिळत नाही, ती कागदावर मागावी लागते. १९९० च्या दुरुस्तीने बौद्धांना केंद्राच्या अनुसूचित जातींच्या सवलती मिळाल्या. पण केंद्रीय परीक्षांना केंद्र सरकारच्या नमुन्यातलेच जातीचे प्रमाणपत्र मागतात. ते आधीच काढून ठेवा. ५० आणि ५५ यांच्यामध्ये अडकलेल्या मुलासाठी तो एक कागद पाच टक्क्यांचा असतो.

परदेशी जायचे असेल तर

अमेरिकेत चार गुणांकांची पट्टी चालते. आपल्याकडची मुले सीजीपीए अडीचने भागतात आणि ६.५० चे २.६० झालेले पाहून अर्ज करणे सोडून देतात. असा भागाकार करू नका. तिथली विद्यापीठे किंवा मूल्यमापन संस्था प्रत्येक पेपरची ग्रेड पाहून आणि भारतातली गुण देण्याची पद्धत लक्षात घेऊन रूपांतर करतात. विद्यापीठाने रूपांतर मागितले नसेल तर अर्जात मूळ आकडाच त्याच्या पट्टीसह लिहा: १० पैकी ६.५०.

आकडा काय सांगतो आणि काय नाही

सीजीपीए तुमची सरासरी सांगतो, तुमची चाल सांगत नाही. ५.१० पासून ६.७० पर्यंत चढत गेलेला आणि ६.७० पासून ५.१० पर्यंत घसरत आलेला, दोघांचाही सीजीपीए ५.९०. मुलाखतीत किंवा उद्देशपत्रात हा चढता आलेख आपण स्वतः दाखवायचा असतो. पहिल्या वर्षी काम करून शिकत होतो, हे सांगण्यात लाज कसली?

बाबासाहेब १९०७ मध्ये मॅट्रिक झाले तेव्हा त्यांना ७५० पैकी २८२ गुण होते. टक्क्यांत ३७.६. त्याच विद्यार्थ्याने १९१५ मध्ये कोलंबियातून एम.ए. आणि १९२३ मध्ये लंडनमधून डी.एस्सी. मिळवली. याचा अर्थ गुणांना किंमत नाही असा नाही. दारावर आज आकडा विचारतात, तो नीट माहीत असायलाच हवा. पण पुढे आपण कुठवर जाऊ, हे तो आकडा ठरवत नाही.

या आठवड्यात करायची कामे

१. गुणपत्रिका काढा आणि क्रेडिट गुणिले गुणांक करून एसजीपीए स्वतः पडताळा. बेरजेच्या चुका होतात आणि त्या अर्ज देऊन दुरुस्त होतात.

२. आपल्या विद्यापीठाचे टक्केवारीचे सूत्र शोधा आणि वहीच्या पहिल्या पानावर लिहा.

३. उरलेल्या सेमिस्टरला किती लागतील ते काढा: हवा असलेला सीजीपीए गुणिले एकूण सेमिस्टर, त्यातून आतापर्यंतच्या एसजीपीएंची बेरीज वजा करा, उरलेल्या सेमिस्टरने भागा. क्रेडिट सारखे नसतील तर सेमिस्टरच्या जागी क्रेडिट घ्या.

४. जाहिरातीतली अट शेवटच्या ओळीपर्यंत वाचा. सवलत बहुधा खालीच लिहिलेली असते.

५. हे सगळे वस्तीतल्या एका तरी पहिल्या वर्षाच्या मुलाला किंवा मुलीला कागदावर करून दाखवा.

त्या मुलीचा प्रवेश झाला. पुढच्याच रविवारी ती परत आली, सोबत बारावी झालेल्या दोघी होत्या. त्यांना तिने गुणपत्रिका उलटी करून दाखवली आणि म्हणाली, "आधी इथं बघायचं."